दुसरा ब्रेक

एडमंटनमध्ये मी गाडी शिकवतो.
माझ्या बाजूला स्टिअरिंग नसतं,
पायाशी फक्त एक ब्रेक.
पोरं मला सॅम म्हणतात. चालतं.
शान डोंगरांतल्या ज्या संस्थानाचा मी वारस
ते आता नकाशावर तालुका आहे.
साओ खुन सेंग-फा असं पाकिटावर
लुंग पान्ताशिवाय कोणी लिहीत नाही.

दर डिसेंबरात, आमच्या नववर्षाला,
तो ब्रुक्सहून बसनं येतो,
मांसाच्या कारखान्यात एक रजा टाकून,
आंबवलेल्या सोयाबीनच्या चकत्या
वर्तमानपत्रात गुंडाळून.
(बायको खिडकी उघडते. बाहेर उणे सव्वीस.)
त्याचा बाप माझ्या आजोबांवर छत्री धरायचा,
पांढरी, सोन्याच्या घुंगरांची, असं तोच सांगतो.
मला आठवते मागच्या दाराशी एक जीप
आणि शर्टाची बटणं लावत निघालेले वडील.
एक बटण चुकलं होतं.
कुणी सांगितलं नाही.

यंदा त्याला स्टँडवर सोडायला निघालो.
पुढे बसेना. माझ्या बरोबरीनं? छे.
मागे बसला, कपाळ गुडघ्यांना लागेल इतका वाकून.
आरशात नुसती लोकरी टोपी.
स्टिअरिंग आज माझ्याकडे होतं
आणि रस्ता होता अकरा मिनिटांचा.

उतरला तेव्हा दिसलं, पायांत फक्त मोजे.
राजाच्या वाहनात कोणी जोडे घालून चढतं का?
ते राहिले माझ्या इमारतीखाली, बर्फात,
शेजारी शेजारी, नीट.

बस सुटायला आली.
मी माझे बूट काढून पुढे केले.
तो विस्तव पाहिल्यासारखा मागे सरला.
मग मी ताठ उभा राहिलो
आणि आईनं हट्टानं शिकवलेल्या,
कधी कामी न आलेल्या
त्या दरबारी बोलीत म्हणालो,
वरून खाली:
"घाल."

माझ्या कारकिर्दीतला पहिला हुकूम.
काय उजळला त्याचा चेहरा!
लेस बांधताना हात थरथरत होते,
थंडीनं म्हणा.

मोज्यांवरच गाडी चालवत परतलो.
पेडल इतकं गार
की दाबतोय की नाही, पायाला कळेना.
त्याच्या जोड्यांत तोवर बोटभर बर्फ साचला होता.
झटकले, हीटरपाशी ठेवले,
आणि रात्री, घर झोपल्यावर,
पाय घालून पाहिले.

लहान होतात.