दरवाजा क्रमांक चार

आयजिरेक, दाराजवळची खुर्ची घे,
खिडकीपाशी नको. तिथून कालवा दिसतो,
मन त्याच्याबरोबर वाहवत जातं,
आणि उंच टोप्या घातलेले सहा म्हातारे बोलत राहतात,
वही कोरीच.

दोन पेनं. एक पेन्सिल,
कारण जानेवारीत या खोलीत शाई गोठते.
हजर कोण ते चहा ओतण्याआधी लिही.
चहाची वाटी हातात आली
की माणूस हजर असूनही नसतो.

तोक्तोबेक-आके खोकले, हे लिहायचं नाही.
मामातच्या बापाचा उद्धार केला, तेही नाही.
कागदावर फक्त :
"पाण्याच्या पाळ्यांबाबत चर्चा झाली."

मला हे रोझाबाईंनी शिकवलं.
जिल्हा कार्यालयात एकोणतीस वर्षं,
मान लाकडी पट्टीसारखी.
"भांडण गाळून घे," म्हणायच्या,
"खाली उतरेल तो ठराव."

गाळत गेले मी. सुबक अक्षरात.
ठरवण्यात आले. कळवण्यात आले.
विचारात घेण्यात आले.
वाच पुन्हा. या वाक्यांत माणूस आहे का कुठे?
कामं जणू आपोआप होतात,
डोंगरावरचा बर्फ वितळतो तशी.
कर्ता बाहेर बसलाय,
दारात काढलेल्या बुटांपाशी.

आता हे पान बघ. मार्च. अक्षर माझंच.
"दरवाजा क्र. ४ गंजला आहे.
दुरुस्तीचा विषय पुढील सभेत."
एप्रिल. "पुढील सभेत."
मे महिन्यात नुसतं "वरीलप्रमाणे".
तेवढाच वेळ वाचला.

जूनमध्ये सानेम-एजे आली,
एप्रनच्या ओच्यात जर्दाळू.
हरभऱ्याएवढे. फांदीवरच सुकलेले.
टेबलावर ओतले, आमच्या कागदांवर,
आणि एक शब्द न बोलता निघून गेली.
अध्यक्ष म्हणाले, हे लिहू नका,
विषयपत्रिकेत नव्हतं.
खरंच नव्हतं.
पेन उचललेलं होतं मी.
खाली ठेवलं.

एकेचाळीस झाडं, आयजिरेक.

तेव्हापासून वहीत उजवीकडे
मी दोन रेघा ओढते.
एका रकान्यात कोण, दुसऱ्यात कधीपर्यंत.
त्यांना आवडत नाही. "नाव कशाला? सगळे मिळून करू."
वाद घालू नकोस. ते आपलं काम नाही.
फक्त विचार, "कोण?"
आणि पेन कागदाला न टेकवता धरून ठेव.
हात दुखेल. दुखू दे.
एकदा अशी शांतता पसरली
की स्टोव्हवरची किटली बोलायला लागली,
आणि शेवटी मामातच म्हणाला,
"लिही बाई. मामात. शुक्रवारपर्यंत."

आला तो रविवारी.
तीही नोंद आहे, पान बावन्न.

झाकण लावून ठेव त्या पेनाला.
बूट वाजताहेत बाहेर, आले वाटतं सगळे.
तारीख घाल आधी. मी एकदा विसरले होते,
तो ठराव आजही अधांतरी आहे.

आणि आजपासून सानेम-एजे बसणार आहे सभेत,
मागच्या बाकावर बसेल, तरी
हजर लोकांत तिला पहिली लिही.
नाव कसं लिहायचं
ते तिलाच विचार.