भिवापूर शाखेची भेट

नागपूरहून निघताना पिशवीत फॉर्म, बिल्ले,
एक नवी घंटा. जुनी म्हणे हरवली.
उमरेडपुढे काच खाली केली
तर मिरचीनं नाक धरलं.

सभा हटवारांच्या गोदामात.
देठ खुडणाऱ्या बाया उठून गेल्या होत्या,
त्यांचेच पाट आम्हाला.
सभासद अकरा, हजर सात,
त्यातले दोघे शिंकत शिंकत प्रतिज्ञा म्हणाले.

"उपक्रम?" मी पेन उघडलं.
चिटणीस सुगंधा दडमल, अंगणवाडीतून तशाच आलेल्या,
त्यांनी लाल कापडाची वही पुढे सरकवली.
चाकाची खुर्ची. कुबड्या, दोन जोड. वॉकर.
नेलं कोणी, कोणत्या गावी, परत कधी.
"बर्फाची पेटी?"
"नांदले गेली, साहेब. उद्या येते,
माणूस पोचवून."

वॉकरचंच अर्धं पान.
कारगाव, जवळी, मालेवाडा, पुन्हा कारगाव.
परतीच्या तारखेपुढं काहीच नाही,
बरा झाला की गेला?
"ते काहून लिहाचं?" बाई म्हणाल्या,
"दुसऱ्याले द्याले मोकळा झाला न."

माझ्या फॉर्मात रकाना होता: लाभार्थी, संख्येत.
मी शिंकलो. सगळे हसले. चहा आला.
घंटेची हातोडी मी घरीच विसरलो होतो,
त्यांनी चमच्यानं वाजवली.

रात्री त्रिमूर्तीनगरात
दाराआडून पंचा ओढला
तर खाली दादांचा वॉकर.
तीन वर्षं झाली.
रबराची बुडं अजून शाबूत.