शेरा

रजिस्टरात सहा रकाने:
तारीख, वेळ, पातळी, साठा, विसर्ग,
आणि कडेला बोटभर उरलेला शेरा.

पुंजाराम बेंडकुळे यांनी तीस वर्षं
गंगापूर धरणाच्या भिंतीवरून पाणी वाचलं,
संध्याकाळी सहाला, घड्याळ असो नसो.
ते निवृत्त झाले आणि मला मिळाल्या
एक किल्ली, एक बॅटरी, गळकी छत्री
आणि वह्यांचा ढीग, जो उंदरांनीही
नुसता हुंगून सोडला होता.

आषाढ-श्रावणाच्या पानांवर शेरा कोरा.
नाहीतर "दिसत नाही." नाहीतर "गेट उघडे."
भाद्रपद सरताना एकच शब्द: "उघडीप."
आणि आश्विन लागला की हा माणूस सुटतो.

"आज गुलाबी पेरू, मधोमध कापलेला."
"तांबट आळीत हंडा घासून पालथा घालावा, तसा."
"काल होता तिथून अर्धं बोट डावीकडे. अंजनेरीला निघाला."
"ढग नाही. नुसताच गेला. तरी बघण्याजोगा."
"दोन धोबी पक्षी आले. शेपटी हलवून सांगतात, थंडी निघाली आहे."
आणि पंधरा ऑक्टोबरला,
जिल्ह्याचं पाणी वाटायला जेव्हा आकडे मागवतात,
तेव्हा आकड्याच्या पुढे:
"धरण भरले. वरचेही."

साहेबांची लाल शाई: "हे काय? खुलासा करावा."
खाली निळ्या शाईत खुलासा:
"विसर्ग, साहेब. रोज होतो. मोजता येत नाही."

मी पहिल्या वर्षी रकाना कोराच ठेवला.
मला गिरणाऱ्याहून येणारी बस गाठायची असे.
पाणी वाचायचं, आकडा लिहायचा, पळायचं.
सूर्याकडे माझी पाठ, आणि पाठीला ऊन लागे,
एवढाच आमचा संबंध.

मग एकदा धरणाच्या रस्त्यावर पिकअप पंक्चर झाली.
पेठकडच्या बाया, द्राक्षाच्या छाटणीवरून परतणाऱ्या,
हातात कात्र्या, बोटं हिरवी, केसांत वेलीचा भुगा.
आमच्याकडे पानगळ होत नाही, ती करावी लागते:
ऐन शरदात, टेकडीवर गवत सोनं झालेलं असताना
खाली मळेच्या मळे उघडे करायचे,
आणि काडीवरच्या एकेका डोळ्याला
औषधाचं बोट लावत जायचं, जागा हो म्हणून.

त्यांतली एक, यमुना भोये,
कठड्याला टेकून पश्चिमेला बघत राहिली.
पाण्यात एक सूर्य, वर एक,
आणि मधली रेघ कुणीतरी पुसून टाकलेली.
"बाई, हा रोज असाच जातो का?"
मी म्हटलं, "माहीत नाही. बघितलं नाही कधी."
"आँ? मग पगार कशाचा घेती?"
सगळ्या हसल्या. मीसुद्धा, जरा उशिरा.

बस गेली. जाऊ दे म्हटलं.
तेव्हा ध्यानात आलं: उन्हाळ्यात सहाला तो
चांगला हातभर वर असतो,
पावसाळ्यात असतो की नाही कळत नाही;
याच दिवसांत तेवढी त्याची आणि माझी
ड्यूटी एका वेळेला संपते.

हल्ली बेंडकुळ्यांचा फोन येतो, सहा-दहाच्या सुमाराला.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय,
दुसरा "पिकतोय अजून, द्राक्षासारखा."
आधी पातळी विचारतात. मी आकडा सांगते.
ते तो मनात कुठेतरी लिहून घेतात, मला ऐकू येतं.
मग थोडा वेळ गप्प.
मग, उगाच विचारल्यासारखं: "आणि?"

काल मी म्हटलं, "जांभळा. कडेला कुर्डूच्या तुऱ्यासारखा...
नाही, थांबा अण्णा,
फोन ठेवू नका.
अजून चालू आहे."