ग्रिलची किल्ली

इथे खोलीला कार्ड लागतं,
म्हणून बोटांच्या फटीत धरायला
मिरजेच्या घराच्या ग्रिलची किल्ली आणली आहे.
पितळी, दात झिजलेली,
तीन झटके दिल्याशिवाय न वळणारी.
बाल्टिमोरमध्ये ती कुठलंच दार उघडत नाही.

वीस डॉलर मोज्यात, पासपोर्ट पोटाशी,
खांद्यावरच्या पर्समध्ये मुदत संपलेलं कार्ड
आणि सुटे सात डॉलर. तो चोराचा वाटा.
मागितला तर वाद न घालता द्यायचा,
असं शरयूनं बजावलं आहे,
जिनं दोन रुपयांसाठी एकदा
अख्खा रिक्षास्टँड गोळा केला होता.
मंगळसूत्र तिच्याकडेच ठेवून आले.
गळ्यावर त्याची फिकी रेघ आहे,
ती कुणी हिसकावणार नाही.

दिवसभर मी ग्रंथालयाच्या तळघरात
फाटके नकाशे जोडते.
गव्हाची खळ, जपानी कागद, रोखलेला श्वास.
संध्याकाळी फोनमधला नकाशा बघते:
बसथांब्यापासून मुक्कामापर्यंतचे चार चौक
कुणीतरी लाल रंगवून ठेवलेत.
मिरजेत तेव्हा पहाटेचे साडेपाच.
शरयू चहाचं आधण ठेवते
आणि माझा निळा ठिपका
त्या लाल रंगातून चालताना बघत राहते.
ठिपका थांबला की फोन.
"सिग्नल आहे गं," मी म्हणते.

दुसऱ्या चौकात, संगमरवरी पायऱ्यांवर
मिस अर्नेस्टीन बसलेली असते,
नोव्हेंबरातही, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन.
पहिल्याच दिवशी म्हणाली,
पत्ता शोधत असल्यासारखी चालू नकोस.
घरी कुणी ताट वाढून थांबलंय, अशी चाल.
तेव्हापासून तशी चालते.
ताट मायक्रोवेव्हमध्ये असतं, कालच्या भाताचं.

गुरुवारी बस चुकली.
पुढची आली तेव्हा पायऱ्या रिकाम्या,
तिसऱ्या चौकातला दिवा गेलेला
आणि मागे पावलं.
मी रस्ता ओलांडला. फोन कानाला लावला,
बंद फोनमध्ये मोठ्यानं बोलत सुटले:
हो, आलेच, दोन मिनिटांत, शेंगदाणे अर्धा किलो,
नाही, भाजलेले नकोत.
किल्ली तळव्यात रुतली.
तेवढ्यात मागून शिट्टी.

आमच्याकडे मागून आलेल्या शिट्टीला
एकच अर्थ असतो. तो मला चौदाव्या वर्षापासून पाठ आहे.
पण ही शिट्टी थांबेना.
सूर नाही, ताल नाही,
कुकरसारखी आपली चाललेली,
पलीकडच्या फुटपाथवरून, माझ्यापेक्षा पाच पावलं मागे,
मी भरभर चालले तर तिथेच राहून दूर होत जाणारी.
मान न वळवता मला कळत होतं,
तो कुठे आहे.
हॉटेलच्या काचेत दिसला: उंच, टोपी मागे सारलेली,
दोन्ही हात खिशाबाहेर, थंडीत.

शुक्रवारी मिस अर्नेस्टीनला सांितलं.
ती हसली नाही.
"टेव्हॉन. माझा नातू.
सहा फूट झाला त्या वर्षी मीच शिकवलं.
बाई एकटी दिसली की शिट्टी वाजव,
म्हणजे तिला अंदाज राहतो.
आणि हात बाहेर ठेव,
म्हणजे पोलिसांनाही राहतो."
मग तिसरी पायरी दाखवली, कडेचा टवका उडालेली.
त्या रात्रीपासून ती मागच्या खोलीत झोपते,
पलंग रस्त्याच्या भिंतीपासून लांब.
तू तीन आठवड्यांनी जाशील, म्हणाली,
आणि घोंगडी नीट केली.

माझ्याकडे नकाशे जोडायची खळ असते,
लाल रंग काढायचं काही नाही.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा शिट्टी ऐकू आली.
या वेळी वळून हात केला.
त्यानं हनुवटी हलवली, शिट्टी न थांबवता.
दुसरा हात माझ्या कोटाच्या खिशात होता,
मुठीत किल्ली.
सोडली नाही.
त्यालाही ते ठाऊक असावं.
त्यानं शिट्टी थोडी मोठी केली.