दूताची एंट्री

नाटकात राजपुत्र रंगमंचावर मरत नाही.
चौथ्या अंकात जातो तो जातोच.
मग मी येतो
डाव्या विंगेतून, धापा टाकत,
आणि बेचाळीस ओळींत सांगतो
पाणी किती चढलं होतं, घोडा कुठे अडखळला,
शेवटची हाक कुणाच्या नावाने मारली.
बावीस वर्षं. गणपतीत, कामगारांच्या स्पर्धेत,
एकदा अक्कलकोटला दिवे गेले तेव्हा कंदिलावर,
एकाच पोराला मी असा मारत आलो,
तोंडाने.
दुसऱ्या रांगेतल्या विडीवाल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या.
मी पदर मोजायचो.

आता यलगुलवारांची अरुंधती पुण्याहून शिकून आलीय.
त्याच नाटकाचा सिनेमा करते. त्यात नाच.
शूटिंग बंद गिरणीत, साचेखात्यात.
साचे भंगारात गेले,
त्यांच्या पायांचे बोल्ट तेवढे फरशीत राहिलेत.
म्हणाली, काका, राग मानू नका,
कॅमेरा थेट नदीवर जातो,
मग सांगणारा कशाला?
बेचाळीस ओळींवर पेन्सिलीची एकच रेघ होती,
हलकी, खोडता येईल अशी.

नदीवर गेलो. मे महिना.
सीनेत पाणी नाही, वाळू उपसल्याचे खड्डे.
वरातीचा घोडा आणलेला,
तो बँड वाजल्याशिवाय पाऊल उचलेना.
संध्याकाळी सगळे परत गिरणीत,
शेंगाचटणी-भाकरी खात, गप्प.

नाच बसवणारी नागवेणी, कलबुर्गीची.
तिने विचारलं,
खरी बातमी कधी नेलीत का हो, कुणाच्या दारात?

नेली होती.
तिसरी पाळी. नरसय्या म्याकल, पट्ट्यात.
पहाटे साखर पेठेत त्याच्या उंबऱ्याशी उभा राहिलो,
मी, ज्याला अख्खं नाटक पाठ.
एक ओळ फुटेना.
बल्लम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
म्हणाली, एमैंदि?
मग माझ्या पायांकडे पाहिलं.
चपला खात्यातच राहिल्या होत्या.
तिने अर्धी विडी पुरी वळली,
दोरा बांधला,
तंबाखूवर ओलं फडकं झाकलं,
आणि उठली.

नागवेणी बराच वेळ काही बोलली नाही.
नंतर म्हणाली, चपला काढा.

तर आता मी अनवाणी येतो,
बोल्ट चुकवत, अख्खं साचेखातं ओलांडून.
राणी झालेली गिरिजा खाली बसलीय.
कॅमेरा माझ्याकडे नाहीच,
तिच्या बोटांवर आहे.
बोटं चालतात, चालतात,
एका जागी चुकतात,
पुन्हा चालतात.
बस्स. एवढंच नृत्य.
सात वेळा केलं. पाचव्यांदा अंगठा फुटला,
म्हणे तोच टेक ठेवणार.

सातव्याला सवयीने पहिली ओळ निसटली.
मी जीभ चावली.
साउंडवाल्या पोराने हेडफोन काढला,
म्हणाला, काका, माइक बंद आहे,
म्हणायच्या तर म्हणून घ्या.

म्हटल्या. रिकाम्या खात्यात,
बोल्टांना.
हाकेच्या ओळीवर अडलो.
बावीस वर्षांत तिथे कधी अडलो नव्हतो,
आणि आज प्रॉम्प्टर नाही.
नरसय्यानेही कुणाला तरी हाक मारली होती.
साचे चालू होते.
मी फक्त ओठ पाहिले.