चौफुली

सतरा खातेदारांनी बांध फोडले त्या साली
मी सातवीत होतो, आणि सोसायटीत
न अडखळता वाचणारा तेवढा मीच.
म्हणून रात्री कापसाच्या वखारीत, कंदिलाखाली,
रशियातून मराठीत छापून आलेलं मासिक
माझ्या हाती द्यायचे.
गुळगुळीत कागद. उखाजी आप्पा
पान नाकाशी धरून म्हणायचे, बर्फाचा वास असंल.

मी वाचायचो: सामुदायिक शेत, हेक्टर, ब्रिगेड,
ट्रॅक्टर स्टेशन.
स्टेशन म्हटलं की सगळ्यांना अमळनेर आठवायचं
आणि झिपरू विचारायचा, गाडी किती वाजता?

एकदा चित्र निघालं:
काळ्या रानात ताणलेली तार,
तारेला ठरल्या अंतरावर गाठी,
गाठ आली की यंत्र बी सोडतं,
उभी ओळ, आडवी ओळ, कोपऱ्या-कोपऱ्यावर रोप,
दोन्ही अंगांनी कोळपं फिरावं म्हणून.
आप्पांनी मांडीवर थाप मारली.
“हाई ते आपली चौफुली शे!”
खुंटीवर दोर होताच आमचा,
अडीच-अडीच हातांवर गाठी, घामानं काळ्या पडलेल्या.
त्या रात्री रशिया
तापीपल्याडच्या गावाइतका जवळ आला,
उतार असेल तर पायी जाता यावं, इतका.

त्याच ओघात मी पुढलं पान वाचत सुटलो.
लढाई संपली तेव्हा
कितीक गावांत घोडे उरले नव्हते, पुरुषही नव्हते.
रणगाड्यांच्या कारखान्यांतून ट्रॅक्टर निघायला
अजून अवकाश होता.
पहिल्या पेरणीला बायांनी
स्वतःला नांगराला जुंपलं.

वखारीत कुणी खोकलंसुद्धा नाही.
कुणी दाराकडे पाहिलंही नाही,
जिथं भुराबाई बसायची,
उंबऱ्याच्या धड आत नाही, धड बाहेर नाही.
तिचा नवरा ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला.
त्या साली तिचा एक बैलही गेला,
आणि जुवाची रिकामी बाजू
कुणी खांद्यावर घेतली
हे गावानं पाहिलं होतं. बोललं नव्हतं.

ती म्हणाली, “कितल्या जणी व्हत्यात रे, एका नांगरले?”
मी बोट ठेवून ओळ शोधली. आठ.
“मंग बरं,” ती म्हणाली.
“मी एकलीच व्हतू.”

ट्रॅक्टर आला पुढच्या फाल्गुनात, मालगाडीनं, लाल.
सोबतच्या पुस्तकातली काही अक्षरं
आरशात पाहून लिहिल्यासारखी उलटी.
हुसेन पिंजारी जिनातलं काम सोडून आला होता.
त्यानं पुस्तक मिटलं, इंजिनाला कान लावला
आणि तीन दिवसांनी म्हणाला, कळलं.
नारळ फुटले. पोरं धुरामागं धावली.
भुराबाईनं एक चक्कर मारली गोल,
मागच्या आकड्यावर, जिथं नांगर अडकवतात,
तळवा ठेवून उभी राहिली.
लोखंड ऊन होतं. हात काढला नाही लवकर.

सहा हंगाम चाललं.
मग डिझेल, मग कुणाचं रान आधी,
मग एक दातेरी चाक, जे मुंबईतही मिळेना.
सोसायटी मोडली तेव्हा भांडण असं झालं नाही.
लोक दमले होते.
मोजणीदाराची साखळी उशिरा येणार होती,
तर त्याच गाठींच्या दोरानं
त्यांनी आपापली रानं पुन्हा मोजून घेतली.
आप्पा दोराचं एक टोक धरून
दिवसभर उभे होते, कुणाच्या तरी बाजूनं नाही.

बांध परत आले. त्यांवर बोरी आल्या, साप आले.
फक्त भुराबाईच्या आणि झिपरूच्या रानामधे,
ट्रॅक्टर जिथं वळायचा,
तिथं माती इतकी दबलीय की
बांध काही धरत नाही. दरसाल घालतात,
दरसाल पाणी तो घेऊन जातं.
नातवांची त्यावरून चोपड्याच्या कोर्टात तारीख असते.
एकाच मोटरसायकलवर जातात दोघं.