गाळलेली ओळ

रावेरला, सुकी नदीच्या अंगाला
लोटूमामा केळी लावायचा, तेव्हा आधी दोरी ताणायचा.
पाच फुटांवर गाठ, गाठीखाली खड्डा,
खड्ड्यात कंद.
असं तीन एकर, एकही वाकडं नाही.
आणि मध्येच एक ओळ रिकामी.

मी सहावीत होते. म्हटलं, मामा, चुकलं.
तो बिडी विझवत म्हणाला, रात्री ये.

लाईट दीडला यायची.
केळी डोक्यावर गेली होती एव्हाना.
दाटीत त्याने बॅटरी मारली:
चार खोडांत उजेड मोडला,
उरलेला पानांनी वाटून घेतला.
मग रिकाम्या ओळीच्या तोंडाशी उभा राहिला.
बॅटरी मारली
आणि पार टोकाला, विहिरीवर,
मोटरीची पितळी पट्टी चमकली.
मामा काहीच बोलला नाही. मोटर चालू करायला गेला.

आता गिरणा ओलांडून रोज प्रयोगशाळेत जाते.
माझ्या सिलिकॉनच्या पापुद्र्यात झाडं नाहीत, भोकं आहेत,
केसाच्या रुंदीत दीडदोनशे,
इतक्या शिस्तीत
की ठरावीक रंगाच्या प्रकाशाला आत पाऊल टाकता येत नाही.
अंधार नव्हे, बंदी.
एकच भोक पाडायचं राहू दिलं
तर प्रकाश तिथे शिरतो आणि अडकतो,
काचेच्या बरणीत माशी घुमावी तसा.
अख्खी ओळ राहू दिली, की चालू लागतो.

पुस्तकात याला दोष म्हणतात.
मी तो मोजूनमापून आखते.

वळणावर मात्र सांडायचा.
साठ अंशांचं वळण; अर्धा माघारी यायचा.
चार महिने गेले. गाईड चिडले, मी जेवण सोडलं, पुन्हा धरलं.
शेवटी कोपऱ्यातलं एक भोक
केसाच्या हजाराव्या हिश्शाने सरकवलं




आणि पलीकडे काटा हलला.

मोतीबिंदू काढायला मामा जळगावला आला होता.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने
पडद्यावरचा करडा फोटो बघत राहिला.
ठिपके, ठिपके, ठिपके.
मी काही सांगायच्या आत
काचेवर बोट टेकवलं:
"हे ओय कोनं सोडली?"
मी.
"मुद्दाम?"
मुद्दाम.
"मंग बराबर हाये."

बोट ओळीवरून सावकाश पुढे गेलं,
वळणाशी थांबलं.
"हे झाड मातर
दोरीच्या भायेर गेलं."